आली सगळी घरी

मुकादमाची बायको दारात उभी राहिली तेव्हा ढब्बू पावाच्या चौथ्या तुकड्याला लोणी लावत होता. त्या तुकड्यावर त्याला पाणी सोडावं लागलं, कारण मावशीनं बशी उचलली आणि पाहुणीच्या पुढ्यात सरकवली.

"खा आधी. सकाळपासून पोटात काही गेलेलं दिसत नाही तुमच्या."

"माझ्या नवऱ्यानं खून केलेला नाही," बाई म्हणाली. बशीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "तापट आहे. शिव्या देतो, भांडी आपटतो. पण माणूस कड्यावरून ढकलणारा नाही हो तो!"

मावशीनं आयुष्यभर कोर्टात साक्षी टाइप केल्या होत्या. वकील विचारायचा, साक्षीदार बोलायचा आणि मावशीची बोटं चालायची. निवृत्त झाल्यावर तिच्या लक्षात आलं की खोटं ऐकून ऐकून आपले कान चांगले तयार झालेत. हळूहळू लोक अडचणी घेऊन तिच्याकडे यायला लागले. ढब्बू तिच्या बहिणीचा मुलगा. शिलाई मशीनचं दुकान बुडाल्यापासून तो तिची गाडी चालवायचा आणि दर प्रकरणात न चुकता भलत्याच माणसावर संशय घ्यायचा. पंचेचाळिशी उलटून गेली होती, पण मावशीच्या लेखी तो ढब्बूच.

"पहिल्यापासून सांगा," मावशी म्हणाली.

बाईनं सांगितलं. खाणीच्या पलीकडे एक उंच कडा आहे. तिथं गिधाडं राहतात. एक निवृत्त भूगोलाचे मास्तर रोज समोरच्या झोपडीत बसून ती गिधाडं बघायचे, म्हणून सगळे त्यांना गिधाडमास्तर म्हणायचे. मास्तरांनी अर्जावर अर्ज करून कड्याच्या बाजूचे सुरुंग बंद पाडले आणि अर्धे खाणकामगार घरी बसले. मुकादमानं भर रस्त्यात मास्तरांना दम दिला होता, एक दिवस तुम्हालाच त्या गिधाडांपुढे टाकीन म्हणून.

"आणि मंगळवारी सकाळी मास्तर कड्याखाली मेलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, जीव पहाटे गेलाय. आणि नेमका पहाटे माझा नवरा त्या वाटेवर लोकांनी बघितला."

"पहाटे तिथं काय काम होतं त्याचं?"

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माफी मागायला गेला होता. मीच डोकं खाल्लं होतं त्याचं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का, जा आणि पाय धर. मीच पाठवला हो त्याला!"

"आदल्या संध्याकाळी कुठं होता?"

"खाणीवर. खडी फोडायचं मशीन बिघडलं होतं, अख्खी टोळी अंधार पडेपर्यंत त्याच्याशी झटत होती. मग घरी आला. रात्री सगळीकडचे दिवे गेले, म्हणून शेजाऱ्यांबरोबर अंगणात गप्पा मारत बसला." तिनं पदर तोंडाला लावला. "उद्या त्याला मोठ्या तुरुंगात हलवणार आहेत. एकदा तिथं गेला की कोण विचारतंय?"

मावशीनं चपला घातल्या. लोणी लावलेला तुकडा ढब्बूनं जाता जाता उचललाच.

इन्स्पेक्टर मावशीला कोर्टापासून ओळखत होता. त्यानं कुरकुरत का होईना, मास्तरांच्या वस्तू टेबलावर मांडल्या. चपला, मफलर, चष्म्याचं घर.

"चष्मा ह्या घरातच होता?" मावशीनं विचारलं.

"हो. घडी घालून, सदऱ्याच्या खिशात. एक काच तडकलेली."

"म्हणजे डोळ्यांवर नव्हता."

"भांडणापूर्वी काढून ठेवला असेल, फुटायला नको म्हणून."

ढब्बूला हे एकदम पटलं. शाळेत तोही तसंच करायचा.

"आणि मफलर?"

"गुडघ्याला घट्ट गुंडाळलेला. म्हातारपणी गुडघे धरतातच की, बाई. माझेही धरतात."

"स्वेटर नव्हता अंगात?"

"नाही. नुसता सदरा."

मंगळवारच्या पहाटे तोंडातून वाफा निघत होत्या, हे ढब्बूला पक्कं आठवत होतं. गाडी सुरू होता होत नव्हती.

"विसरले असतील," इन्स्पेक्टर म्हणाला. "थर्मास मात्र विसरले नाहीत. झोपडीत मिळाला, चहानं काठोकाठ भरलेला. पहाटे आले, थर्मास ठेवला, तेवढ्यात हा मुकादम पोचला. वादावादी झाली, कड्यावर ओढत नेलं आणि दिलं ढकलून. सरळ प्रकरण आहे."

मुकादम कोठडीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. दांडगा गडी, पण खांदे उतरले होते.

"झोपडीत कुणी नव्हतं," तो म्हणाला. "अजून उजाडायचं होतं. मी हाक मारली, मास्तर, ओ मास्तर! उत्तर नाही. पलीकडून कड्याखालनं काहीतरी आवाज आल्यासारखा वाटला. घशातून घरघरल्यासारखा. म्हटलं, असेल एखादं गिधाड, आणि आलो निघून."

"थर्मास दिसला?"

"अंधारात कुठला दिसणार? मावशी, माफीचं वाक्य वाटेनं पाठ करत गेलो होतो मी. तोंडातच राहिलं."

बाहेर पडल्यावर ढब्बू म्हणाला, "मला तर हाच वाटतो."

"मग नक्की हा नाही," मावशी म्हणाली. "चल, चहा पाजते."

टपरीवर एक वायरमन बाकावर बसून साऱ्या जगाला शिव्या घालत होता. टपरीवाला त्याला चिडवत होता, सोमवारी रात्री गावाला अंधारात ठेवलंत म्हणून.

"मी ठेवलं? मी?" वायरमन उसळला. "नदीकाठच्या टॉवरवर लाइन उडाली. सकाळी चढून बघतो तर इन्सुलेटर पांढरेफटक! वरपासून खालपर्यंत ओघळच ओघळ. कुणीतरी चुन्याच्या बादल्या पालथ्या केल्यागत. धुता धुता कंबर मोडली माझी, आणि वर बोलणी खा तुमची!"

"पोरांचा चावटपणा असेल," ढब्बू सहानुभूतीनं म्हणाला.

"एवढ्या उंचावर चढणारी पोरं असती तर मी त्यांना नोकरीला लावलं असतं!"

सगळे हसले. मावशीचा चहा मात्र निवला.

वनरक्षकानं त्यांना झोपडीकडे नेलं. झोपडी म्हणजे दगडाच्या तीन भिंती, वर पत्रा आणि आत एक बाक. चौथी बाजू कड्याकडे उघडी. मध्ये झुडपांनी भरलेली घळ आणि पलीकडे उभा काळा खडक. खडकाच्या कपारींवर पांढरे पट्टे होते, जुने, थरावर थर चढलेले.

"हा त्यांचा रातथारा," वनरक्षक म्हणाला. "म्हणजे रात्रीच्या वस्तीची जागा. ते पांढरं दिसतंय ना, ती त्यांची शीट. त्यांच्या पणज्यापासून ह्याच कपारी. प्रत्येकाची जागासुद्धा ठरलेली."

काही गिधाडं तिथं होती. दोन-तीन पंख पसरून उन्हात नुसतीच उभी होती. मावशी चालायची ती जागच्या जागी थांबली.

"ही उडत का नाहीत?" ढब्बूनं विचारलं. "अकरा वाजून गेले."

"आळशी आहेत तुमच्यासारखी." ढब्बूची ढेरी बघून वनरक्षक हसला. "अंग जड असतं हो. ऊन तापून हवा वर चढायला लागली की तिच्यावर तरंगत जातात. पहाटेबिहाटे उठायची बातच नाही. आणि संध्याकाळी उजेड असतानाच परत. अंधारात उडत नाहीत."

"परत आली आणि इथं माणूस असला तर?" मावशीनं विचारलं.

"तर टेकत नाहीत. घिरट्या घालतात, वाट बघतात, आणि उजेड संपायच्या आत दुसरं उंच काहीतरी शोधतात. म्हणून तर मास्तर दुपारनंतर कुणाला कड्यावर पाय ठेवू द्यायचे नाहीत. मलाही नाही! आपल्या घरात कुणी ठाण मांडून बसलं तर आपण काय करू, असं विचारायचे."

"आवाज कसा असतो त्यांचा?"

"आवाज कसला? घशात सूरच नाही त्यांच्या. एखादं मढं मिळालं की भांडताना फिसकारतात, किरकिरतात, तेवढंच. इथं वस्तीला अगदी गुपचूप असतात. वास मात्र विचारू नका! घाबरली की पोटातलं सगळं ओकून टाकतात. त्या कपारीत माणूस घटकाभर पडला तर तो वास धुऊनही जात नाही."

"सोमवारी संध्याकाळी तुम्ही इथं होता?"

"नाही ना! साहेबांनी मुख्य कचेरीत बोलावलं होतं." त्याचा चेहरा पडला. "मी असतो तर कदाचित... आता बोलून काय उपयोग?"

मास्तरांचं घर झाडलेलं, पुसलेलं, शांत होतं. अंगणातल्या तारेवर एक जाड जाकीट वाळत होतं. तिथून जाताना ढब्बूनं नाकाला रुमाल लावला. उंदीर मेला असावा कुठंतरी, असं त्याला वाटलं.

मास्तरीणबाई पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. शेजारी मुलगा. त्याला गावात फोटोवाला म्हणत. परदेशी मासिकांना तो पक्ष्यांचे फोटो पाठवायचा. भिंतभर त्याचे फोटो लावलेले होते, पण कपाटात कॅमेऱ्याची जागा रिकामी होती.

"संध्याकाळी मी घरीच होतो," तो म्हणाला. "बाबांशी माझं पटत नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मला गिधाडं कड्यावर उतरतानाचा फोटो हवा होता, अगदी जवळून. ते म्हणाले, वर पाय ठेवलास तर माझं नाव लावू नकोस. मग मी कधी गेलो नाही."

"आता काय टिपताय?"

"काही नाही. सोडलं मी ते."

मावशी मास्तरीणबाईंकडे वळली. आवाज एकदम मऊ केला. "सोमवारची संध्याकाळ सांगाल?"

"नेहमीसारखीच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दिवेलागणीला हे आले. दारात चपला काढल्या आणि म्हणाले, आली सगळी घरी. रोज हेच म्हणायचे. लग्न झाल्यापासून ऐकतेय. सगळी गिधाडं कड्यावर बसलेली दिसल्याशिवाय ते उठायचेच नाहीत तिथून. मग हात धुतले, जेवले. दिव्याखाली वाचत बसले, नेहमीच्या वेळेला झोपले. पहाटे मी थर्मास भरून दिला."

"काही वेगळं बोलले? कशावरून चिडले, हसले?"

"नाही हो. सगळं अगदी रोजच्यासारखं."

"तुम्ही कधी गेला होता कड्याकडे?"

"मी? छे! मला कसली मेली गिधाडं बघायची हौस? म्हणायचे कधी कधी, चल एकदा. म्हटलं, जाऊ सवडीनं." त्या जरा थांबल्या. "राहूनच गेलं."

गाडीत बसल्यावर मावशी म्हणाली, "वायरमनला गाठ. सोमवारी सकाळी टॉवर स्वच्छ होता का आणि मंगळवारी सकाळी तिथं कोण बसलं होतं, एवढं विचार. आणि इन्स्पेक्टरला सांग, संध्याकाळी झोपडीवर या, मुकादमाला घेऊन. मास्तरीणबाईंना आणि मुलालाही बोलवायला सांग."

"सापडलं तुला?" ढब्बूचे डोळे चमकले. "कोण गं?"

"सापडलं," मावशी म्हणाली. "नसतं सापडलं तर बरं झालं असतं."

संध्याकाळी ऊन कलतं झालं तेव्हा सगळे झोपडीत दाटीवाटीनं बसले. मुकादमाच्या हातात बेड्या होत्या आणि त्याची बायको त्याच्या दंडाला धरून उभी होती. मास्तरीणबाई बाकाच्या टोकाला बसल्या, मास्तर बसायचे त्याच जागी. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वनरक्षकाला माहीत होतं, त्यानं मान फिरवली.

"मी कोर्टात फार साक्षी ऐकल्या," मावशीनं सुरुवात केली. "खरं आठवून सांगणाऱ्या माणसाच्या सांगण्यात त्या दिवसाचं असं काहीतरी येतंच. दूध नासलं, पाहुणा टपकला, दिवे गेले. रचून सांगणारा रोजचा दिवस उचलतो आणि तोच सांगतो. सोमवारी रात्री दिवे गेले होते. मुकादमाच्या बायकोनं न विचारता सांगितलं, टपरीवर तोच विषय होता. फक्त एका घरात दिवे गेलेच नाहीत. तिथं मास्तर दिव्याखाली वाचत बसले होते."

मास्तरीणबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"आता दिवे का गेले? नदीकाठच्या टॉवरवर पांढरे ओघळ आले म्हणून. ढब्बूला ती पोरं वाटली."

ढब्बू खाली बघायला लागला.

"वायरमनला परत विचारलं. सोमवारी टॉवर स्वच्छ होता. मंगळवारी सकाळी तो गेला तेव्हा मोठाले पक्षी पंख पसरून टॉवरवर बसले होते, ऊन तापेपर्यंत हलले नाहीत. समोरच्या कपारींवर सकाळी आम्ही तेच पक्षी आणि तेच पांढरे ओघळ बघितले. गिधाडं सोमवारी रात्री ह्या कड्यावर नव्हतीच. टॉवरवर झोपली होती. पणज्यापासूनचं घर सोडून ती का गेली? संध्याकाळी परतली तेव्हा कड्यावर माणूस होता म्हणून."

"थांबा," इन्स्पेक्टर म्हणाला. "मग मास्तर घरी येऊन म्हणाले, आली सगळी..."

"तेच तर! ज्या एका संध्याकाळी सगळी घरी आली नव्हती, त्या संध्याकाळी मास्तरांनी हे वाक्य म्हणणं शक्य नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षात आलं नसतं, त्यांच्या आलं असतं. मास्तरीणबाई, तुम्ही कड्याकडे कधी आला नाहीत. तुम्हाला फक्त वाक्य माहीत होतं. संध्याकाळ रचताना तुम्ही ते घातलंत, कारण त्याच्याशिवाय तुमच्या घरी कधी संध्याकाळ झालीच नव्हती."

समोर दूर आकाशात काळे ठिपके दिसू लागले होते.

"मास्तर सोमवारी घरी आलेच नाहीत," मावशी म्हणाली. "म्हणून अंगात स्वेटर नव्हता. दुपारच्या उन्हात नुसत्या सदऱ्यावर आले होते, उजेडीच परत जायचं म्हणून. इथं बसून त्यांनी बघितलं की गिधाडं घिरट्या घालताहेत आणि टेकत नाहीत. म्हणजे वर कुणीतरी आहे. दुपारनंतर वर पाय न ठेवणारा माणूस एकाच कारणासाठी वर गेला असता, कुणाला तरी खाली आणायला. आणि त्या कपारीत घटकाभर पडलेल्या माणसाचा वास धुऊनही जात नाही. तुमचं जाकीट अजून तारेवर आहे, फोटोवाले."

मुलगा उठून उभा राहिला. इन्स्पेक्टरही उठला, पण मुलगा कुठं पळत नव्हता. त्याला नुसतं बसवत नव्हतं.

"मी ढकललं नाही," तो म्हणाला. "बाबा वर आले. म्हणाले, ऊठ, त्यांना बसू दे, अंधार पडेल. मी म्हटलं, दोन मिनिटं, बाबा. उजेड इतका सुंदर होता! ती अगदी डोक्यावरून जात होती. दोनच मिनिटं म्हटलं. त्यांनी हात धरायला पाऊल पुढे टाकलं, आणि तिथं शिटेनं सगळं निसरडं होतं... हाका मारल्या मी. खूप हाका मारल्या. ओ आली नाही. खाली उतरायची हिंमत झाली नाही. कॅमेरा तिथनंच घळीत भिरकावला. दिवसभर आमचं भांडण लोकांनी ऐकलं होतं. मीच ढकललं म्हणाले असते सगळे."

"मी विचारलं ह्याला, नक्की गेले का," मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "हा म्हणाला, ओ देत नाहीत. मला वाटलं, गेलेल्यापायी राहिलेला कशाला घालवू? पहाटे मीच थर्मास भरला. मुकादमाचं नाव येईल हे डोक्यातही नव्हतं. आलं तेव्हा मात्र गप्प बसले. ते पाप माझं."

"पण डॉक्टर तर पहाट म्हणतात," इन्स्पेक्टर गोंधळून म्हणाला.

मावशीनं मास्तरीणबाईंकडे बघितलं आणि ती अडखळली. ढब्बूनं तिला इतक्या प्रकरणांत कधी असं अडखळलेलं बघितलं नव्हतं.

"मास्तरीणबाई, पुढचं तुम्ही घरी जाऊन ऐकलंत तरी चालेल."

"सांगा."

"डॉक्टर बरोबर आहेत. चष्मा घडी घालून खिशातल्या घरात होता. पडणारा माणूस चष्म्याची घडी घालत नाही. पडून शुद्धीवर आलेला घालतो. मफलर गुडघ्याला होता, कारण गुडघा मोडला होता आणि त्यांनी तो स्वतः बांधला होता. मास्तर संध्याकाळी पडले. गेले ते पहाटे."

मुलगा जिथं उभा होता तिथंच खाली बसला, लहान मूल बसतं तसा फतकल मारून.

"म्हणजे मी थर्मास ठेवायला आलो तेव्हा..." तो म्हणाला.

"पलीकडे बघितलं होतंस?"

"नाही. बघवलं नाही."

मास्तरीणबाईंनी हात पुढे केला आणि मुलाच्या डोक्यावर ठेवला. तो तिथंच राहू दिला. थोपटलं नाही, काढूनही घेतला नाही.

इन्स्पेक्टरनं मुकादमाच्या बेड्या काढल्या. अख्खी टोळी साक्षीला होती, संध्याकाळभर तो मशीनपाशी होता. त्याच्या बायकोनं मावशीचे पाय धरायला वाकायचा प्रयत्न केला. मुकादम मात्र मनगट चोळत कड्याखालच्या दगडांकडे बघत होता.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मग पहाटे मी ऐकला तो आवाज..."

सगळे मावशीकडे बघायला लागले. वनरक्षकानं तोंड उघडलं. ढब्बूलाही आता कळलं होतं. कडा त्या रात्री रिकामा होता आणि गिधाडाच्या घशात सूर नसतो. एकदा तरी आपल्याला वेळेवर कळलं, असं त्याच्या मनात आलं, पण त्याला जराही आनंद झाला नाही.

"गिधाडाचा," मावशी म्हणाली.

"पण ती तर टॉवरवर..."

"एखादं चुकार मागं राहिलं असेल. हो की नाही?"

वनरक्षक म्हणाला, "हो. राहतं कधी कधी."

मुकादमानं मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. त्याला रोज ह्याच वाटेनं कामावर जायचं होतं. त्याची बायको त्याला दंडाला धरून घेऊन गेली.

आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं टाइप करणाऱ्या मावशीनं स्वतः खोटं बोललेलं ढब्बूनं तेवढं एकदाच ऐकलं. त्यानं तिला त्याबद्दल पुढेही कधी विचारलं नाही.

इन्स्पेक्टर मुलाला घेऊन निघाला. मुलगा वळून म्हणाला, "आई, येतो." मास्तरीणबाईंनी मान डोलावली. त्यांना घरी सोडायचं म्हणून ढब्बू थांबला. मावशी गाडीत जाऊन बसली होती.

समोर गिधाडं उतरत होती. एकेक करून यायची, पाय पुढे काढायची, जड अंगानं कपारीवर टेकायची आणि शेजारणीला थोडं सरकवून आपली जागा घ्यायची. कसलाही आवाज नव्हता. मास्तरीणबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या. चष्मा त्या घरी विसरून आल्या होत्या.

उजेड ओसरला. कडा आणि पक्षी एकाच रंगाचे झाले.

"आली का हो सगळी?" त्यांनी विचारलं.

सगळी म्हणजे किती, हे ढब्बूला कुठून माहीत असणार? ते एकाच माणसाला माहीत होतं. त्यानं आकाश नीट बघून घेतलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठं काही उडत नव्हतं.

"आली," तो म्हणाला.

मास्तरीणबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"मग आत्ता निघाले असते ते घरी," त्या म्हणाल्या, आणि ढब्बूच्या आधाराशिवाय वाट उतरायला लागल्या.